ॲन हॅथवेच्या घराचे छप्पर खरेच जुने आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्ट्रॅटफर्डच्या सहलीत आपण शेक्सपिअरच्या पत्नीचे, ॲन हॅथवेचे, शॉटरी येथील माहेरचे घर पाहिले आणि ते साडेपाचशे वर्षांचे असल्याचे तेथे आपणांस सांगण्यात आले. गवताचे छप्पर इतकी वर्षे टिकणे शक्य नाही, तर मग त्या घरात जुने असे नेमके काय उरले आहे? आणि कोकणातील आपल्या गावच्या गोठ्याची व पडवीची शाकारणी दर वर्षी करावी लागत असताना इंग्लंडमधील छप्पर पंचवीस-तीस वर्षे कसे टिकते? मी गेली वीस वर्षे इंग्लंडच्या मध्य आणि नैर्ऋत्य भागांत जुन्या घरांच्या जतन-दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे यांतील पहिला प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक पाहुण्याकडून ऐकावा लागतो. दुसरा प्रश्न मात्र कोकणातला माणूसच विचारू शकतो, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, आपण छायाचित्रात टिपलेला छपराचा थर जुना नाही. तो आजच्या पिढीतल्या कारागिरांनी घातलेला आहे. मात्र त्या छपराचा उतार, त्याखालच्या भिंतींची उंची, वळचणीचा पुढे आलेला भाग आणि माळ्यावरच्या छतालगत दबून बसलेल्या खिडक्या या सर्व गोष्टी काडाच्या छपरामुळे ठरलेल्या आहेत, आणि त्या जुन्या आहेत. अशा घराचे वय छपराच्या पृष्ठभागावरून न काढता त्याच्या सांगाड्यावरून काढावे लागते.

आता त्या घराविषयी. शॉटरी हे स्ट्रॅटफर्डच्या पश्चिमेस सुमारे दीड किलोमीटरवरचे, वॉरिकशायर परगण्यातले खेडे. शेक्सपिअरच्या काळी या घराचे नाव ह्यूलँड्स फार्म असे होते आणि त्याला ९० एकरांहून अधिक जमीन जोडलेली होती. आज बारा खोल्या असलेल्या या वाड्याला ‘कॉटेज’ म्हणणे हे तसे चुकीचेच आहे. राणी एलिझाबेथच्या काळी ‘कॉटेज’ म्हणजे जवळपास भूमिहीन माणसाची झोपडी, आणि अशा झोपड्या वाढू नयेत म्हणून १५८९ मध्ये प्रत्येक नव्या कॉटेजला किमान चार एकर जमीन जोडलीच पाहिजे असा कायदाही झाला होता. हॅथवे कुटुंब मेंढ्या पाळणारे, खाऊनपिऊन सुखी असे शेतकरी होते. गुलाबाच्या वेली चढलेले, गवताने शाकारलेले, चित्रातल्यासारखे ‘कॉटेज’ ही कल्पना पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील श्रीमंतांनी रूढ केली. ब्रिस्टलजवळचे ब्लेझ हॅम्लेट हा जॉन नॅश या वास्तुविशारदाने १८११ च्या सुमारास रचलेला नऊ घरांचा समूह तिचा उत्तम नमुना आहे. एका जमीनदाराच्या वृद्ध आश्रितांसाठी बांधलेली ही घरे मुद्दामच वेडीवाकडी आहेत आणि एकही घर दुसऱ्यासारखे नाही. ह्यूलँड्स फार्मचा वेडेवाकडेपणा मात्र कोणी मुद्दाम आणलेला नाही. ओक सुकला, जमीन बसली आणि पिढ्यांनी खोल्या जोडल्या, त्यातून तो आला.

या घराचा सर्वांत जुना भाग १४६३ मधला असल्याचे ते सांभाळणारी संस्था, म्हणजे शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्ट, सांगते. तेव्हा घरात तीनच खोल्या होत्या. या भागाचा सांगाडा इंग्रजीत ज्याला ‘क्रक’ म्हणतात त्या पद्धतीचा आहे, आणि ही पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट कळणार नाही. नैसर्गिकपणे वाकलेले ओकचे झाड निवडायचे, त्याचे खोड उभे चिरून दोन सारख्या फाळ्या करायच्या आणि त्या एकमेकींकडे तोंड करून, पाय जोत्यावर व डोकी आढ्यापाशी येतील अशा उभ्या करायच्या. दोन्ही हात जोडून नमस्कार केल्यावर कोपरांपासून बोटांपर्यंत जो आकार होतो, साधारण तसा. मध्ये आडवी तुळई टाकली की इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी एक कैची तयार होते. अशा दोन किंवा अधिक कैच्या ठरावीक अंतरावर उभ्या केल्या की छपराचा सगळा भार त्यांच्यावरून थेट जमिनीत उतरतो. भिंती केवळ आडोशाच्या राहतात. आपल्याकडे मेढींवर आढे टेकवून कुडाच्या भिंती नंतर उभारतात, त्यामागचा विचार याहून फार वेगळा नाही. फरक इतकाच की येथे खांब आणि वासा हे दोन्ही एकाच वाकड्या लाकडाने साधले जातात.

हे लाकूड ओले असतानाच कापले आणि जोडले जाई, कारण सुकलेला ओक हत्यारांना दाद देत नाही. सांध्यात खिळा नसतो. खाचेत कुसू बसवून त्यातून ओकचीच खुंटी ठोकलेली असते. खुंटीची भोके मुद्दाम किंचित चुकवून पाडलेली असतात, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा ओढला जाऊन घट्ट बसतो. पुढे लाकूड सुकते, पिळते, त्याला लांब चिरा जातात, आणि चिरा पाहून पर्यटक घाबरतात. मला त्या चिरांची कधी भीती वाटलेली नाही. भीती वाटते ती जोत्यावरच्या आडव्या तुळईच्या तळाची, कारण तेथे पाणी साचले की लाकूड आतून भुसा होते आणि बाहेरून पाहता महिनोन्महिने काहीच कळत नाही. सांगाड्यावर सुतारांनी कोरलेल्या रोमन अंकांसारख्या खुणाही अनेकदा सापडतात. कैची आधी जमिनीवर जुळवून पाहायची, खुणा करायच्या, सुटी करायची आणि मग जागेवर पुन्हा जोडायची, अशी ती रीत होती.

सांगाड्यातील चौकटी भरण्याची पद्धत कोकणी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तो कूडच आहे. ओकच्या चिरफळ्या उभ्या बसवायच्या, त्यांतून हेझलच्या कोवळ्या काठ्या आडव्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी चिकणमाती, शेण व चिरलेले काड यांचा गिलावा थापायचा. कारवीच्या जागी हेझल आणि भाताच्या तुसाच्या जागी गव्हाचे काड, एवढाच काय तो बदल. वरून सारवणाऐवजी चुन्याचा हात दिलेला असतो. लाकूड काळेकुट्ट आणि चौकटी पांढऱ्याशुभ्र हा जो थाट ‘ट्यूडर’ म्हणून सगळीकडे ओळखला जातो, तो बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातील डांबर-रंगाच्या हौसेचा परिणाम आहे. मुळात ओक उघडाच राहून रुपेरी करडा होई, किंवा भिंतीबरोबर त्यालाही चुना लागे.

या मूळ घराला धुराडे नव्हते. मधली खोली जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळी होती, तिच्या मध्यावर शेकोटी जळत असे आणि धूर काडातून वाट काढत बाहेर जाई. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावरची काजळी आठवली, तर चित्र बरोबर डोळ्यांपुढे येईल. इंग्लंडच्या ग्रामीण भागात १५७० ते १६४० या काळात घरांची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी झाली, असे इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये मांडले. त्यांच्या कालखंडाविषयी पुढे मतभेद झाले, तरी बदलांचा क्रम सर्वत्र तोच दिसतो: मोकळ्या खोलीत मध्येच मजला घातला जातो, विटा-दगडांचे धुराडे उभे राहते आणि धुरात गेलेल्या वरच्या जागेत निजण्याच्या खोल्या होतात. हॅथवे घरातही तेच घडले. ॲनचा भाऊ बार्थोलोम्यू याने १६१० मध्ये ही मालमत्ता विकत घेतली. तोपर्यंत कुटुंब तेथे कुळ म्हणून राहत होते. घराचा जो भाग अधिक उंच दिसतो तो सतराव्या शतकातला आहे. धुराड्यावरील ‘आय. एच. १६९७’ ही खूण नंतरच्या एका जॉन हॅथवेने केलेल्या दुरुस्तीची आहे. म्हणजे ॲनचा जन्म झाला तेव्हाचे, १५५६ च्या सुमाराचे, घर आज आपण पाहता त्याहून लहान होते.

आता छप्पर. येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण इंग्लंडमध्ये ‘गवती’ म्हटल्या जाणाऱ्या छपरांत प्रत्यक्षात तीन निरनिराळे प्रकार आहेत आणि त्यांवरून कारागिरांमध्ये आजही हमरीतुमरी होते. पहिला प्रकार गव्हाच्या लांब काडाचा. मळणी झालेले काड जमिनीवर ओले करून पसरतात, हाताने ओढून सरळ करतात आणि त्याच्या चपट्या जुड्या छपरावर रचतात. यात काडाचे बुंधे आणि लोंब्यांकडची टोके सरमिसळ असतात, म्हणून पृष्ठभाग थोडा विस्कटलेला, वरून ओतल्यासारखा दिसतो. वॉरिकशायर आणि एकंदर मध्य इंग्लंड हे परंपरेने या प्रकाराचे क्षेत्र. दुसरा प्रकार विंचरलेल्या काडाचा. यात यंत्राच्या फणीने पाने व दाणे काढून सगळे बुंधे एका बाजूला राखतात, आणि त्यामुळे पृष्ठभाग कातरल्यासारखा नीट दिसतो. हा डेव्हन परगण्याचा प्रकार. तिसरा प्रकार पाणथळीतल्या बोरूचा, जो नॉरफकच्या दलदलींत मुबलक उगवतो. तो सर्वांत टणक, आणि बुंधे थापीने वर ठोकत ठोकत बसवल्याने त्याचा पाखा ब्रशाच्या तोंडासारखा एकसारखा होतो. आपल्या छायाचित्रात वळचणीच्या आणि कडेच्या रेषेवर हेझलच्या काठ्यांची तिरकी, चौकटीदार नक्षी दिसत असेल, तर ते बहुधा लांब काड समजावे. नक्षी फक्त आढ्यावर असेल, तर उरलेल्या दोहोंपैकी एक. वरवर शोभेची वाटणारी ती नक्षी मुळात काड धरून ठेवण्यासाठी असते.

हे काड छपरावर टिकते कसे, यात जादू काही नाही. थेंब एका काडीच्या टोकावरून खालच्या काडीवर, तिच्यावरून पुढच्या काडीवर असा उतरत वळचणीपर्यंत जातो, आणि चांगल्या छपरात फक्त वरचा दोन-तीन सेंटिमीटरांचा थर ओला होतो. खालचे सगळे कोरडे असते. यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात: उतार किमान ४५ अंशांचा, शक्यतो ५० चा, आणि जाडी ३० सेंटिमीटरांच्या खाली नाही. उताराचे गणित अनेकांना फसवते. प्रत्येक जुडी खालच्या जुडीवर टेकलेली असल्याने काडी स्वतः वाशाइतकी उभी राहत नाही, वाशापेक्षा बरीच आडवी असते. म्हणून वासे ५० अंशांचे असले तरी पाणी ज्यावरून वाहते त्या काडीचा उतार त्याहून पुष्कळ कमी भरतो. ३५ अंशांच्या छपरावर कितीही उत्तम काड घातले, तरी त्यातली काडी इतकी आडवी पडते की पाणी बाहेर न जाता आत मुरते, आणि पाचसात वर्षांत छप्पर खतासारखे काळे होते. असे एक छप्पर मला उतरवावे लागले होते. घरमालकाने काडाला दोष दिला. दोष वाशांचा होता.

ही जाडी आणि हा उतार मान्य केला, की घराचे उरलेले रूप आपोआप ठरत जाते. उभ्या उताराच्या छपराखाली मोठी जागा तयार होते, म्हणून भिंती बुटक्या ठेवून निजण्याच्या खोल्या छपरातच करतात. त्या खोल्यांना उजेड हवा म्हणून काड खिडकीच्या डोक्यावरून भुवईसारखे वळवतात, कारण काडाला तीक्ष्ण कोपरा मानवत नाही; दोन पाख्यांची खोल घळ ही तर त्याची वैरीणच. छपराला पन्हाळ बसवता येत नाही, म्हणून वळचण भिंतीपासून चांगली पुढे काढतात आणि पागोळ्या जोत्यापासून दूर पडतात. शिवाय हे छप्पर वजनाने मातीच्या कौलांच्या सुमारे निम्मे असते, त्यामुळे खाली रांगड्या, न तासलेल्या फांद्यांचे वासेही चालून जातात. पुढे कोणी हौसेने काड काढून कौले घालतो तेव्हा तेच वासे वाकतात आणि भिंती बाहेर ढकलल्या जातात. इतक्या साध्या कारणाने गेलेली घरे मी पाहिली आहेत.

आयुष्याचे म्हणाल तर लांब काड पंधरा ते पंचवीस वर्षे, विंचरलेले काड पंचवीस ते पस्तीस आणि बोरू तीस-चाळीस वर्षे, असा साधारण अंदाज आहे. आढे मात्र कोणत्याही प्रकारात दहा-पंधरा वर्षांनी नवे घालावे लागते, कारण तेथे काड दुमडून बसवलेले असते आणि ऊन-वारा-पाऊस तिन्ही थेट त्यावरच येतात. छप्पर गळण्याची सुरुवातही बहुतेक वेळा आढ्यापाशी किंवा धुराड्याच्या बुडाशी होते.

आपल्या पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, गव्हाच्या काडाचे छप्पर सहसा पूर्ण उतरवत नाहीत. कुजलेला वरचा थर खरवडून काढायचा आणि खालच्या कोरड्या थरात हेझलच्या काठ्या खुपसून नवे काड बसवायचे, अशी पद्धत आहे. या काठ्या चिरून, मध्यावर पिळून, अंबाड्याच्या आकड्यासारख्या वाकवलेल्या असतात. यामुळे दर पिढीला एक थर वर चढतो आणि तळाचा पहिला थर तसाच राहतो. डेव्हनमधील काही घरांत हा तळाचा थर शेकोटीच्या काळातला, म्हणजे धुराडे येण्यापूर्वीचा, काजळीने काळा झालेला सापडतो. जॉन लेट्स या पुरावनस्पतीतज्ज्ञाने १९९० च्या दशकात अशा छपरांतले काड, लोंब्या आणि शेतातले तण तपासले. धुराने किडीमुंगीपासून राखलेल्या त्या थरांत मध्ययुगातला गहू, राय आणि त्यांच्याबरोबर उगवणारी रानफुले जशीच्या तशी मिळाली. असा थर असलेले छप्पर ‘स्वच्छ’ करण्यासाठी सगळे उतरवून टाकणे हा मी अक्षम्य अपराध मानतो, आणि तो करणारे बहुतेक लोक वाईट हेतूने नव्हे, तर नीटनेटकेपणाच्या हौसेने करतात. हॅथवे घराबाबत सांगायचे, तर १९६९ मध्ये तेथे आग लागून घराचे बरेच नुकसान झाले आणि नंतर त्याची काळजीपूर्वक दुरुस्ती करण्यात आली. म्हणून तेथील छपराकडे बोट दाखवून ‘हे साडेपाचशे वर्षांचे’ असे कोणी म्हटले, तर ते मनावर घेऊ नये.

आगीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो की, ही भीती जुनी आहे. लंडनमध्ये १२१२ च्या भीषण आगीनंतर बोरू आणि काडाची नवी छपरे घालण्यास बंदी झाली होती. शेक्सपिअरचे ग्लोब नाट्यगृह टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, लंडन शहराच्या हद्दीबाहेर होते; २९ जून १६१३ रोजी ‘आठवा हेन्री’ या नाटकाच्या प्रयोगात उडवलेल्या तोफेची ठिणगी छपरावर पडून ते जळाले. १९९७ मध्ये खुले झालेले नवे ग्लोब ही लंडनमधील १६६६ च्या महाआगीनंतरची पहिली गवती छपराची इमारत मानली जाते. तिच्यावर बोरू आहे आणि पाणी शिंपडणारी यंत्रणाही छपरातच बसवलेली आहे. घरांच्या बाबतीत आज धोका तोफेचा नाही, लाकूड जाळणाऱ्या बंदिस्त लोखंडी शेगडीचा आहे. उघड्या शेकोटीपेक्षा तिचा धूर फार गरम असतो, आणि ओले लाकूड किंवा कागद जाळला तर जळते कण धुराड्यातून उडून छपरावर पडतात. थर वाढत वाढत छप्पर उंच झाले, की त्या मानाने धुराडे बुटके पडते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. धुराड्याचे तोंड छपरापासून किमान १.८ मीटर वर असावे, असा येथील दंडक आहे. मी कोणत्याही घराची पाहणी धुराड्यापासून सुरू करतो, ते यामुळेच.

या छपरांपुढची खरी अडचण मात्र आग नसून गहू आहे. मध्ययुगीन गहू माणसाच्या खांद्याला लागेल इतका उंच असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुटक्या जाती आल्या; याच जनुकांच्या जोरावर साठच्या दशकात भारतात कल्याण सोना व सोनालिका या जाती आल्या आणि हरितक्रांती झाली. बुटके रोप खताने लवंडत नाही आणि दाणा भरपूर देते, पण त्याचे काड छपराच्या कामाचे नाही. त्यात कापणी व मळणी एकदम करणारे यंत्र उरलेसुरले काड चुरडून टाकते. म्हणून छपरासाठी गहू पिकवणारे मोजके शेतकरी १९६४ मध्ये केंब्रिजच्या संशोधन संस्थेने काढलेल्या ‘मॅरिस विजन’सारख्या जुन्या उंच जाती पेरतात, पीक थोडे हिरवट असतानाच जुन्या पद्धतीच्या यंत्राने कापून पेंढ्या बांधतात, शेतात उभ्या वाळवतात आणि स्वतंत्रपणे मळतात. जास्त नत्रखत दिलेले काड लवकर कुजते, असे सर्वच अनुभवी कारागीर सांगतात आणि माझेही निरीक्षण तसेच आहे. एक ओला उन्हाळा गेला की काडाचा तुटवडा पडतो, आणि मग लोक तुर्कस्तान, हंगेरी, पोलंड, चीन येथून आलेल्या बोरूकडे वळतात. काड काढून बोरू घालताना जुने थर सगळे उतरवावे लागतात, कारण बोरू थेट रिपांवर बांधतात. तेव्हा घराचे बाह्य रूप तर बदलतेच, पण तळाचा इतिहासही कचऱ्यात जातो. संरक्षित इमारतींवर म्हणून जसे होते तसेच घालण्याचा आग्रह धरला जातो. हा आग्रह महागात पडतो, याची मला जाणीव आहे, तरीही मी त्याच बाजूचा आहे.

जाता जाता भिंतींबद्दलची एक चूक सांगतो, कारण ती आपल्याकडेही होते. डेव्हनमधील गवती घरांच्या भिंती बहुधा ‘कॉब’च्या असतात: चिकणमाती, काड आणि पाणी पायांनी तुडवून, दोनेक फूट जाडीचे थर एकावर एक सुकवत चढवलेल्या. वर टोपी आणि पायांत बूट चांगले असले की या भिंतीला आणखी काही नको, अशी तिकडे म्हण आहे. टोपी म्हणजे छप्पर आणि बूट म्हणजे दगडी जोते. विसाव्या शतकात अशा शेकडो घरांना सिमेंटचा गिलावा केला गेला. सिमेंटला बारीक तडा जातो, त्यातून पाणी आत शिरते आणि परत बाहेर येऊ शकत नाही, माती आत चिखल होऊन खाली बसते. एका घराच्या गिलाव्यावर मी सहज थाप मारली, तेव्हा आतून पोकळ आवाज आला. उघडून पाहिले, तर तळाशी हात कोपरापर्यंत ओल्या मातीत गेला. चुन्याच्या गिलाव्यातून हेच पाणी वाळून निघून गेले असते.

आता आपल्या गावच्या घराकडे वळतो. स्ट्रॅटफर्डच्या परिसरात वर्षभरात ६०० ते ६५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत विभागून आणि थंड हवेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. छपराला दोन सरींच्या मध्ये वाळायला उसंत मिळत नाही, उष्ण दमट हवेत बुरशी झपाट्याने वाढते आणि वाळवी तर हजर असतेच. शिवाय आपले शाकार पातळ असते, कारण ते एका पावसाळ्यापुरतेच घालायचे, पुढच्या वर्षी नवा पेंढा किंवा गवत फुकट मिळणार, असा त्यामागचा हिशेब होता. त्या काळी तो हिशेब अगदी योग्य होता. आता गवत कापायला माणूस मिळत नाही, म्हणून तो जड जातो. इंग्लंडमधला बोरू आणून कोकणात तीस वर्षांचे छप्पर मिळेल, अशी आशा मी कोणालाही दाखवणार नाही. त्याऐवजी थर किमान एक वीत ते सव्वा वीत जाड ठेवावा, गवताची टोके खाली न सोडता बुंधे खाली ठेवावेत, वळचण दोन फूट तरी पुढे काढावी, छपरावर आलेल्या फांद्या वैशाखातच तोडाव्यात आणि चुलीचा धूर अगदीच बंद करू नये. एवढ्याने दर वर्षाची शाकारणी तीन-चार वर्षांवर जाऊ शकेल, असा माझा अंदाज आहे. विजेची तार मात्र गवतातून नेऊ नये.

यांतले काहीही करण्यापूर्वी वाशांचा उतार मोजून घ्यावा. एक मीटरची काठी वाशाच्या टोकापासून आत आडवी, पाण्याच्या पातळीत धरावी आणि तिच्या आतल्या टोकापासून सरळ वर वाशापर्यंतची उंची मोजावी. ती एक मीटर किंवा अधिक भरली, तर उतार ४५ अंश किंवा जास्त आहे आणि वरील सूचना लागू पडतील. सत्तर सेंटिमीटरच भरली, तर उतार ३५ अंशांच्या आसपास आहे. मग गवतावर खर्च करण्याआधी आढे वर उचलून घ्यावे लागेल, किंवा त्या पाख्यावर कौलेच ठेवावीत.